इंडियन हेडला जा, पण उतरताना जवळची वाट धरू नका

"छोटासा ट्रेक आहे, वरून लेक व्ह्यू एकदम भारी, लहान मुलं पण करतात." एवढ्या भरवशावर आम्ही चौघं न्यू जर्सीहून पाच तास गाडी हाकत न्यूयॉर्क राज्यातल्या ऍडिरॉन्डॅक्स डोंगरांमधे, लोअर ऑसेबल लेकच्या वरच्या इंडियन हेड या कड्यावर गेलो. व्ह्यूबद्दल सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं निघालं. बाकी सगळं चुकीचं. पार्किंगपासून परत पार्किंगपर्यंत आमचे जवळजवळ 11 मैल झाले आणि ज्याला हे "छोटासा" वाटतं त्याने दुसऱ्याला सांगताना निदान आकडा तरी सांगावा.

पहिली गोष्ट म्हणजे रिझर्वेशन. ही जमीन खाजगी क्लबची आहे, आपल्याला फक्त ठरलेल्या वाटांवर चालायचा हक्क आहे, आणि 1 मे ते 31 ऑक्टोबर ऑनलाइन रिझर्वेशन लागतंच. पैसे पडत नाहीत, पण दोन आठवडे आधी विंडो उघडते आणि फॉलमधले, म्हणजे पानं रंगतात त्या दिवसांतले, वीकेंड लगेच संपतात. आमच्यासमोर एक कुटुंब रिझर्वेशन नाही म्हणून गेटवरून परत गेलं, सोबत दोन लहान मुलं, फार वाईट वाटलं. कुत्रा नेता येत नाही, लेकमधे पोहता येत नाही. तिकडे जाणाऱ्या रूट 73 या रस्त्यावर फोनला रेंज मिळेल असं धरू नका, कन्फर्मेशन आणि मॅप दोन्ही घरूनच डाउनलोड करून घ्या.

पार्किंगपासून अर्धा मैल वर चालल्यावर गेट लागतं आणि तिथून लेक रोड सुरू. कच्चा, खडीचा, हळूहळू चढणारा रस्ता, सरळ लेकच्या टोकापर्यंत साडेतीन मैलांच्या आसपास. झाडीमुळे काही दिसत नाही. मधूनच क्लबच्या मेंबरांची गाडी बाजूने जाते, त्यात आपल्याला बसता येत नाही. सकाळी ताज्या पायांनी हा रस्ता काहीच वाटत नाही आणि तिथेच माणूस फसतो, कारण संध्याकाळी हाच परत चालायचा असतो. दोनेक मैलांवर डावीकडे गिल ब्रूकची वाट फुटते, तीच घ्या. ओढ्याच्या काठाने चढत जाते, छोटे छोटे धबधबे, पाण्यात पिवळी पानं, दमछाक होते पण कुठे भीती वाटत नाही.

वर पोचलो आणि खरंच पाच मिनिटं कोणी बोललंच नाही. पायाखाली कडा, खाली दोन डोंगरांच्या मधे चिंचोळं, काळंशार पाणी, आणि दोन्ही उतारांवर रंग. आम्ही कोलंबस डेच्या, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारच्या सुट्टीच्या, वीकेंडला गेलो होतो, त्यामुळे उंचावरचे लाल मेपल बरेचसे झडून गेले होते, पण बर्चची झाडं हळदीसारखी पिवळीधमक आणि बीचची झाडं तांब्याच्या भांड्यासारखी. लाल हवं असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा किंवा ऑक्टोबरचा पहिला धरा. आणि दुपारी बारानंतर फोटोची आशा सोडा, लेक नैर्ऋत्येकडे आहे, ऊन थेट कॅमेऱ्यात येतं. सकाळी दहाच्या आत वर असाल तर सोनं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. वरून खाली लेककडे जाणारी एक सरळ वाट आहे, पाऊण मैलाची. पाटी बघून वाटतं, चला, गिल ब्रूकचा फेरा वाचला. धरू नका!! त्या पाऊण मैलात साधारण 700 फूट उतार आहे, आदल्या दिवशी पाऊस झालेला, आणि सगळ्या वाटेवर ओल्या पानांचा जाड थर. पानांखाली मूळ आहे का दगड आहे का खड्डा आहे, पाय टाकल्याशिवाय कळत नाही आणि टाकल्यावर उशीर झालेला असतो. आमच्यातले दोघं सह्याद्रीत वाढलेले, कळसूबाईच्या शिड्या भर पावसात चढलेले, तेसुद्धा बसून बसून उतरले. माझा पाय मुळावरून सटकला आणि गुडघा दगडावर आपटला, थोडक्यात वाचले. तो पाऊण मैल उतरायला आम्हाला सव्वा तास लागला. कोरडं असेल तर चढायला ती वाट ठीक असेल, उतरायला कधीच नाही. आलात तसे गिल ब्रूकने परत जा.

त्या सव्वा तासाने पुढचं सगळं बिघडलं. खाली रेनबो फॉल्स हा धबधबा अगदी हाकेच्या अंतरावर होता, तो सोडावा लागला. नदीच्या काठाने परत जायची सुंदर वाट आहे असं सगळे म्हणतात, पण ती जास्त लांब, मग निमूट लेक रोड. ऑक्टोबरच्या मध्यावर साडेसहाच्या आत सूर्य मावळतो आणि दरीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येतं, थंडी तर एकदम पडते. चौघांत एक हेडलॅम्प होता. प्रत्येकाकडे हवाच, फोनच्या टॉर्चवर विसंबू नका. ट्रेकिंग पोल घ्या, सोल झिजलेले शूज घरी ठेवा, आणि काही झालं तरी दुपारी दोनला माथा सोडा.

राहण्याचं पण सांगते. लाँग वीकेंडला बहुतेक ठिकाणी दोन रात्री घ्यायलाच लावतात, ते एक वेळ समजू शकतं. पण आमच्या मोटेलने बुकिंगच्या वेळी एक रेट दाखवला आणि चेकआउटला रात्रीमागे 35 डॉलर "फॅसिलिटी फी" लावली. फॅसिलिटी म्हणजे बंद असलेला स्विमिंग पूल. वाद घातला, एका रात्रीची फी कमी झाली. बुक करतानाच टॅक्स, फी सगळं धरून शेवटचा आकडा ईमेलवर मागून घ्या, तोंडी नको.

दुसऱ्या दिवशी हार्ट लेकच्या वरचा माउंट जो केला, तो खरंच छोटा आहे, घरच्यांना घेऊन जायचं असेल तर तिकडे न्या. तिथे पार्किंगचे पैसे द्यावे लागतात आणि सकाळी लवकर भरतं.

गुडघा अजून जिना उतरताना दुखतो. पुढच्या वर्षी 28 सप्टेंबरच्या आसपासचं रिझर्वेशन मिळालं तर परत जाणार आहे, पहाटे सहाला गेटवर, आणि दोन्ही वेळेला गिल ब्रूकनेच.