कुंभार्ली उतरताना सगळ्याच जीपा वीस देतात

आमच्या दारात दोन डिझेल फोर बाय फोर आहेत. वडिलांची महिंद्राची एमएम ५४० जीप, १९९० च्या दशकातली, आणि माझी २०१४ ची महिंद्रा थार सीआरडीई. दोघींच्या ॲव्हरेजबद्दल प्रश्न एकच येतो. पंपावर, लग्नाच्या पंगतीत, सलूनच्या खुर्चीत. "किती देते?" विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, लगेच स्वतःच सांगतो, "आमच्या मेहुण्याची सोळा देते."

मेहुण्याची देत असेलही. चिपळूणला जाताना.

साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर करत निघालं की कुंभार्लीत गाडी जवळपास फुकटात खाली येते. चिपळूणला टाकी भरून भागाकार केला की माणूस आठवडाभर खूश. परतताना तोच घाट सगळं वसूल करतो. माणसं आणि सामान धरून दोन टनांची गाडी ६०० मीटर वर उचलायला साधारण १२ मेगाज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर डिझेलमध्ये ३६ च्या आसपास असते, पण चाकापर्यंत त्यातली तिसरा हिस्सासुद्धा पोचत नाही. म्हणजे नुसत्या चढापायी लिटरभराहून जास्त गेलं, अंतर कापायचं वेगळंच. सातारा-पुण्याचंही थोड्या प्रमाणात हेच आहे. सातारा उंचावर, पुणं खाली. वर्षानुवर्षं जाताना खंबाटकीचा बोगदा मिळायचा, येताना घाट चढावा लागायचा. एकेरी प्रवासाचं ॲव्हरेज कोणी सांगितलं तर मी मान डोलावतो आणि विषय बदलतो.

आणि ते उतारावर न्यूट्रल करणारे! गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप डिझेल तोडतो. वडिलांच्या जीपमध्ये हे काम गव्हर्नर, म्हणजे पंपातला डिझेल कमीजास्त करणारा भाग, करतो, थारमध्ये कॉम्प्युटर. न्यूट्रलला टाकली की इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल जाळावं लागतं. वर ब्रेक तापतात ते निराळंच. वाचवायला गेले आणि जाळून आले.

मोजायची माझी पद्धत साधी आहे. पेट्रोल पंप तोच, शक्यतो नोझलही तोच, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला, म्हणजे पहिल्या ऑटो कटला, की थांबायचं. डिझेलला फेस येतो. पोऱ्याला "अजून घाल, अजून घाल" केलं तर टाकीत दोन लिटर इकडचं तिकडे सहज होतं, आणि ४० लिटरमागे दोन लिटर म्हणजे पाच टक्के फरक. म्हणून एका टाकीचा आकडा मी धरतच नाही. पावसाळाभराचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, मग भागाकार. त्यासाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही असते. बायको तिला दुसरा संसार म्हणते.

टायरचा घोळ मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. थारचे मूळ टायर २३५/७० आर १६. हौशी लोक त्या जागी २४५/७५ घालतात, मीही घातलेत. मूळ टायरचा व्यास ७३५ मिलिमीटर होतो, नव्याचा ७७४. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी पाच टक्के जास्त पुढे सरकते आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. खऱ्या १०५ किलोमीटरला तो १०० दाखवतो. मग ओरड सुरू होते, "टायर बदलले आणि ॲव्हरेज पडलं!" थोडं पडतं हे खरं, कारण टायर जड, नक्षी खडबडीत. पण बाराचं साडेअकरा झालं असेल तर तो अर्धा किलोमीटर गाडीनं नाही, मीटरनं खाल्लेला असतो. हायवेच्या दगडांवर किंवा फोनच्या जीपीएसवर एकदा ताळा करून घ्यावा.

आता माझे आकडे. वडिलांच्या जीपला प्यूजोचं एक्सडीपी इंजिन आहे, २११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवर, टर्बो वगैरे काही नाही. यात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं आणि मग ज्वाळा पिस्टनवर येते. त्या कप्प्याच्या भिंतीच बरीच उष्णता खातात. सकाळी हीटर दिल्याशिवाय ती उठत नाही, त्याचं कारणही तेच. ही जीप दहा-साडेदहा देते. गावात, घाटात, हायवेला, कुठेही फार हलत नाही, कारण ६५ च्या पुढे नेली तर कापडी हूड एवढं फडफडतं की आपणच पाय काढतो. मध्यंतरी एका मेकॅनिकने "पिकअप वाढवून देतो" म्हणून डिझेल पंपाचा स्क्रू फिरवला. पिकअप आला, मागे काळा धूर आला आणि ॲव्हरेज नऊच्या खाली आलं. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेलच की. वडिलांनी दुसरीकडे पंप काढून कॅलिब्रेट करून आणला.

थारचं तसं नाही. २४९८ सीसीचं कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमानं, जास्त दाबानं डिझेल फवारणारं) इंजिन, टर्बो, १०५ हॉर्सपॉवर. पळायला तयारच असते. हायवेला ८० धरली की साडेतेरा. १०० धरली की अकराच्या आत. समोरून ती उभी भिंतच आहे आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. कॅरिअर काढला, एअर फिल्टर बदलला, टायरची हवा वाढवली, या सगळ्याची बेरीज त्या २० किलोमीटरच्या फरकाजवळ जात नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेच्या रोलरवर गाड्यांची चाचणी व्हायची तेव्हा वेग ९० च्या वर जात नसे आणि एसी बंद असे. त्या कागदावरचा आकडा खोटा नव्हता, फक्त तो आपल्या रस्त्यावरचा नव्हता.

"फोर व्हील आहे म्हणून जास्त खाते" हेही अर्धवट. डांबरी रस्त्यावर गाडी टू व्हीललाच असते. पुढच्या ॲक्सलचं वजन आणि थोडी ओढ, एवढाच भुर्दंड. त्यापेक्षा घासणारे ब्रेक लायनर जास्त खातात. वीस किलोमीटर चालवून चारही चाकांच्या ब्रेकजवळ हात न्यायचा. एकच जर भाजत असेल तर तिथं डिझेल जातंय.

पावसाळ्यात जावळीच्या रानात लो गिअर (ताकद जास्त, वेग कमी) टाकून दिवस काढला की जाण्यायेण्याचा रस्ता धरूनही ॲव्हरेज चार-पाचवर येतं. हा आकडा बघून नवी पोरं घाबरतात. पण ट्रॅक्टरवाला किलोमीटर कधी सांगतो का? तो तासाला किती लिटर ते सांगतो. चिखलात जीपचंही तेच माप. माझी थार लोमध्ये तासाला तीनेक लिटर घेते, मग त्या तासात दहा किलोमीटर होवोत नाहीतर दोन. तसल्या दिवशी मी अंतर न बघता तास मोजून डिझेल भरतो, आणि जीप असेल तर टाकी अर्ध्याखाली जाऊच देत नाही. उभ्या चढावर डिझेल मागे सरतं, पाइप उघडा पडतो आणि पंप एअर धरतो, म्हणजे डिझेलऐवजी हवा ओढतो. मग बॉनेट उघडा, स्क्रू ढिला करा, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिनावरचा छोटा हातपंप मारत बसा; वरून पाऊस, खाली जळवा, आणि मागे अडकलेला थारवाला विचारत असतो, "काका, किती वेळ?"