पुनर्जन्म कसला, हाच जन्म दुसऱ्यांदा

चिनी वेब-कादंबऱ्यांतला 'छोंगशंग' हा शब्द मराठीत आणताना सरसकट 'पुनर्जन्म' लिहिलं जातं आणि वाचक तिथेच चकतो. आपल्याकडे पुनर्जन्म म्हणजे नवा देह, नवं घर, मागचं सगळं पुसलेलं. छोंगशंगमध्ये साठीची बाई डोळे मिटते आणि उघडते ती स्वतःच्याच विसाव्या वर्षात, आठवणी जशाच्या तशा. दुसऱ्या कुणाच्या देहात शिरली तर तो प्रकार वेगळा, त्याला 'छ्वानयुए' म्हणतात. वडाला फेऱ्या मारून सात जन्म हाच पती मागणाऱ्यांनी जरा जपून वाचावं. इथल्या कितीतरी नायिका जाग आल्याबरोबर आधी ठरलेलं लग्न मोडायला निघतात.

यातला सगळ्यात घरगुती, हलकाफुलका प्रकार १९७०च्या दशकातल्या चिनी खेड्यात घडतो. नावाला प्रेमकथा, पण तिचा जीव असतो घरखर्चाच्या वहीत. ती वही चुकली की नायकाचं प्रेमही खोटं वाटायला लागतं.

मिळकत श्रमगुणांची, म्हणजे सामूहिक शेतीत दिवसाच्या कामाबद्दल वहीत मांडल्या जाणाऱ्या गुणांची. दिवसभर राबलेल्या धडधाकट पुरुषाला १० गुण, बाईला साधारण ७-८. हिशोब वर्षाअखेरीला, आणि त्यातून आधी घरात आलेल्या धान्याची किंमत वळती व्हायची. खाणारी तोंडं जास्त आणि राबणारे हात कमी, असं घर उलट सामूहिक शेतीचंच देणं लागायचं. तीन लहान पोरी असलेली धाकटी सून रोज टोमणे का खाते, हे इथे कळतं. त्यासाठी सासू कजाग रंगवायची गरज नाही, वही पुरते.

हातात पैसा यायचा तो कोंबड्यांमुळे. 'कोंबडीच्या बुडाची बँक' असा तिकडचा शब्दच आहे: अंडी सहकारी दुकानात द्यायची आणि मीठ, रॉकेल, काड्यापेटी आणायची. म्हणून या कादंबऱ्यांतला शृंगार अंड्यावरून चालतो. सासू कमरेची किल्ली काढते, कपाट उघडते, अंडी मोजते, एक थोरल्या नातवासाठी बाजूला ठेवते. संध्याकाळी नायिका शेवयांचा वाडगा उकरते तर तळाशी आख्खं अंडं. समोर नवरा खाली मान घालून भुरके मारतोय. ते कुठून आलं हे लेखिकेला सांगता आलं पाहिजे. नाहीतर सासूच्या मोजणीत एक अंडं कमी भरलं पाहिजे आणि पुढचं प्रकरण तिथून सुरू झालं पाहिजे.

नवख्या लेखिकांची हमखास चूक रेशनच्या कुपनांची. नायिका साठवलेले पैसे घेऊन शहरात जाते आणि ऐटीत वाफाळते पाव विकत घेते. कसे? धान्याचं कुपन लागायचं, आणि प्रांताचं कुपन प्रांताबाहेर चालत नसे. बाहेर जायचं तर देशभर चालणारं वेगळं. कापडालाही कुपन. सायकल दीडशे युआनच्या पुढे, कामगाराचा महिन्याचा पगार तीस-चाळीस, आणि पैसे जमले तरी कुपनाशिवाय हात हलवत परत. धान्याची कुपनं १९९३पर्यंत टिकली, तेव्हा १९७९ उजाडलं म्हणून ती गायब करू नयेत.

दुसरी चूक विद्यापीठ प्रवेश परीक्षेची. ती १९७७च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली, सुमारे ५७ लाख बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास घेतले गेले. नायिकेला म्हणे प्रश्नपत्रिका आठवते! त्या वर्षी प्रत्येक प्रांताची प्रश्नपत्रिका वेगळी होती, देशभर एकच आली ती १९७८च्या उन्हाळ्यात. शिवाय पहिल्या आयुष्यात जी परीक्षेला बसलीच नाही तिला आठवणार काय? तिला परीक्षा होणार एवढं ठाऊक असू शकतं. ते पुष्कळ झालं: रद्दीवाल्याकडून जुनी पाठ्यपुस्तकं सगळ्यांच्या आधी उचलता येतात.

वाटणीचं प्रकरण मात्र मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. चूल वेगळी करायची तर मामाला बोलावतात, गावचा पुढारी साक्षीला बसतो, आणि कढई, वाडगे, धान्य, कर्ज असं एकेक कागदावर चढतं. इथे घाई करू नये. कोणती जाऊ फुटकी घागर मागते आणि कोणती कोंबडी सोडत नाही, यात चार पानं सहज रंगतात, आणि विनोद आपोआप येतो.

शेवटी तारखा. १९८१च्या जानेवारीपासून मुलीचं लग्नाचं वय १८वरून २० झालं, मुलाचं २०वरून २२. एकोणीस वर्षांच्या नायिकेची लग्ननोंदणी त्या वसंतात लावलीत तर कचेरीतून परत पाठवतील. आणि सप्टेंबर १९८०मध्ये एकच मूल ठेवण्याचं आवाहन करणारं कम्युनिस्ट पक्षाचं खुलं पत्र निघालं. भरलं गोकुळ दाखवायचं असेल तर पोरं त्याआधी झालेली बरी. उशीर झाला तर लेखिकांकडे एक पळवाट असते, आणि ती इतकी वापरून झाली आहे की नायिकेला पहिली उलटी झाली की सराईत वाचक दोन नावं शोधायला लागतो: जुळी.