नाट्यगृहाच्या दालनात दानपेटी ठेवताना : माझा अनुभव

बाहेरगावाहून उपचारांसाठी कोल्हापुरात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना रात्रीचे जेवण पुरवणे एवढेच आमच्या लहानशा संस्थेचे काम आहे, आणि खजिनदार या नात्याने पैसे जमवण्याची जबाबदारी गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी शहरातील एका सभागृहात तीन दिवसांचा संगीत महोत्सव होता. आयोजकांपैकी एक जण ओळखीचे असल्याने त्यांच्या तोंडी होकारावर विसंबून आम्ही मध्यंतरात बाहेरच्या दालनात पेटी घेऊन उभे राहिलो. दहा मिनिटांत व्यवस्थापक आले, चहाचे कप हातात घेतलेल्या लोकांसमोरच "ही पेटी कुणाच्या परवानगीनं?" असे त्यांनी विचारले आणि शिपाईमामांकडून ती कार्यालयात नेऊन ठेवली. आयोजकांनी सभागृह भाड्याने घेतले होते. त्याच्या आवारात तिसऱ्याला पैसे गोळा करू देण्याचा हक्क त्यांना त्या भाड्यात मिळाला नव्हता. हे समजायला एवढा अपमान लागायला नको होता, पण लागला.

पुढच्या वर्षी महोत्सवाच्या दोन महिने आधी मी रीतसर अर्ज केला. त्याच्या उत्तरादाखल बाहेरच्या संस्थांसाठीची चार पानी नियमावली हातात पडली. अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, घटनेची प्रत, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्त मंडळाचा ठराव आणि टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाचे ओळखपत्र मागितले होते. आमची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असल्याने हा भाग फारसा जड गेला नाही. ज्यांची नोंदणी नाही त्यांना मात्र, गणेशोत्सवातील मंडळांना वर्गणीसाठी घ्यावी लागते तशी कलम ४१ क ची परवानगी धर्मादाय कार्यालयातून आणायला सांगितले जात होते. माझ्या आधी रांगेत असलेली तीन-चार मुले तेवढ्यावरूनच परत गेली.

खरी अडचण क्यूआर कोडची निघाली. पहिल्या वर्षी आम्ही पेटीवर चिकटवलेला कोड संस्थेच्या सचिवांच्या वैयक्तिक खात्याचा होता, आणि त्यात काही गैर आहे असे आमच्यापैकी एकालाही वाटले नव्हते. नियमावलीनुसार कोड स्कॅन केल्यावर दात्याला दिसणारे नाव आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील नाव एकच असणे आवश्यक होते. बँकेने त्यासाठी संस्थेचा पॅन, घटना आणि नवा ठराव मागितला. ठरावावर एका विश्वस्तांची सही राहून गेल्याने तो एकदा परत आला. आणि एकूण पाच आठवडे गेले. मनातल्या मनात मी व्यवस्थापकांना बरेच काही बोलून घेतले, परंतु सचिवांच्या खात्यात आदल्या वर्षी आलेले पैसे आमच्या हिशेबात बसवताना लेखापरीक्षकांनी आम्हाला जे ऐकवले होते, त्यापुढे ते पाच आठवडे स्वस्तच म्हणायचे.

सर्वांत जास्त खटकली ती अट अशी, की पैसे मागणाऱ्यांनी टेबलामागे बसून राहावे. पेटी घेऊन फिरू नये, रांगेत उभ्या असलेल्यांना हटकू नये आणि प्रेक्षागृहाच्या दाराच्या आत तर पाऊलही ठेवू नये. रंगमंचावरून निवेदन करायलाही मनाई होती. यावर मी लेखी हरकत घेतली आणि तिच्यात इतिहासाचा दाखला दिला : कोल्हापूरचेच केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत एकत्र प्रयोग केला होता तो टिळक स्वराज्य फंडासाठीच, मग नाट्यगृहात मदत मागण्याचे एवढे वावडे कशासाठी? व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतले, चहा मागवला आणि म्हणाले, "सर, तो प्रयोगच फंडासाठी होता. तिकीट काढणाऱ्याला ते आधीच माहीत होतं. आपल्याकडे येणारा माणूस गाणं ऐकायला आलेला असतो, आणि मध्यंतरात तो जाणार कुठं?" तुम्हाला मदतीचा कार्यक्रमच करायचा असेल तर सभागृह त्यासाठी वेगळे घ्या, भाड्यात काय सवलत बसते ते पाहू, असेही ते म्हणाले. दालनात आपल्यासमोर पेटी आली की मीसुद्धा खिसे चाचपून दहाची नोट टाकतो आणि नंतर उगाच चिडतो, हे मला त्यांच्यासमोर बसलेले असतानाच आठवले. निवेदनाची बंदी मला अजूनही अनाठायी वाटते. कार्यक्रमानंतर दोन वाक्ये सांगितल्याने कुणाची कोंडी होत नाही. ती अट मात्र त्यांनी बदलली नाही.

महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी साडेपाचला कार्यालयात पेटी आतून रिकामी असल्याचे दाखवून कुलूप लावले. कुलपावर कापडाची पट्टी गुंडाळली, शिपाईमामांनी मेणबत्तीवर लाख धरली आणि तिचे थेंब पट्टीवर पाडून सभागृहाचा शिक्का दाबला. एक थेंब माझ्या बोटावर पडला. किल्ली लिफाफ्यात घालून त्यावर आमच्या दोघांच्या सह्या झाल्या, आणि पेटी जिन्याजवळच्या टेबलावर गेली.

दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी पाच हजार रुपये रोख पुढे केले आणि ८०जी ची पावती मागितली. दोन हजारांहून अधिक देणगी रोख दिली तर त्यांना प्राप्तिकरात वजावट मिळणार नाही, आणि पावतीवर पॅन व पत्ता नसेल तर आम्हाला ती देणगी वार्षिक विवरणात दाखवून त्यांना प्रमाणपत्र देता येणार नाही, हे मी समजावून सांगितले. त्यांनी नोटा परत खिशात ठेवल्या, तेव्हा माझा जीव खालीवर झाला. पण चष्मा काढून त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि तीच रक्कम क्यूआरवर भरली. खात्यात संस्थेचे नाव आलेले पाहून "बरोबर आहे का हे?" असे त्यांनी मलाच विचारले.

तिसऱ्या रात्री कार्यक्रम संपल्यावर लाख फोडली. मोजणी सभागृहाचा एक कर्मचारी, मी आणि आमची एक कार्यकर्ती अशा तिघांनी केली. पेटीत नोटा आणि नाणी मिळून ११,४६० रुपये निघाले. त्यांत वाहनतळाचे एक टोकन होते आणि दहा रुपयांची १४३ नाणी होती. दुकानदार ती घ्यायला कुरकुर करतात, म्हणून लोकांनी आमच्याकडे मोकळी केली असावीत. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहून तिघांनी पंचनाम्यावर सह्या केल्या, एक प्रत कार्यालयात राहिली, एक मला मिळाली, आणि टोकन मी वाहनतळावरच्या मुलाकडे देऊन आलो. दुसऱ्या दिवशी बँकेत रोखपालांनी नाण्यांची पिशवी पाहून एक सुस्कारा सोडला, पण एकही नाणे परत केले नाही.