ढगातली सरळ रेघ

"ही रेघ बघितलीस का?" सरांनी लेझरचा ठिपका भिंतीवर धरला. चक्रीवादळाच्या डोळ्याभोवती ढगांचं जे कडं असतं, त्याच्या पश्चिम बाजूला उत्तरेकडून दक्षिणेकडे एक बारीक चीर गेली होती. मी आठवडाभर हेच चित्र बघत होते, पण मला ती दिसली नव्हती.

वादळ होतं 'निसर्ग'. ३ जून २०२० च्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. दिवेआगरला माझ्या मामाची सुपारीची वाडी आहे. त्या दिवशी तिच्यातली निम्म्याहून जास्त झाडं आडवी झाली. त्यामुळे सरांनी त्या वादळाचं गणिती प्रारूप दोन-दोन किलोमीटरच्या चौकटींच्या जाळीवर चालवून "हे भिंतीवर दाखवशील का?" असं विचारलं, तेव्हा ते काम मी मागून घेतलं.

आमची भिंत म्हणजे आठ मॉनिटर, आडवे चार आणि उभे दोन. मागे आठ लिनक्स नोड, म्हणजे एकमेकांना जोडलेले संगणक, प्रत्येकात एक ग्राफिक्स कार्ड. सगळे मिळून एक कोटी ६५ लाखांहून जास्त पिक्सेल. मी या कामात आले तेव्हा अशा भिंती डीएमएक्स (अनेक संगणकांचे पडदे जोडून एकच पडदा करणारं सॉफ्टवेअर) आणि क्रोमियमवर चालायच्या. (क्रोमियम म्हणजे ब्राउझर नव्हे. ओपनजीएलच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला चित्र काढायला सांगणाऱ्या, आज्ञा मधेच पकडून नोडना वाटणारं हे सॉफ्टवेअर स्टॅनफर्डमधून २००२ साली आलं.) त्यात काढायची सगळी भूमिती नेटवर्कवरून वाहायची आणि डेटा वाढला की नेटवर्क गुदमरायचं. आता आम्ही पॅराव्ह्यू हे मोठ्या डेटाची चित्रं काढणारं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात डेटा जिथल्या तिथे राहतो. प्रत्येक नोड आपल्या वाट्याच्या तुकड्याचं चित्र काढतो, आणि आइसटी नावाची लायब्ररी ती आठ चित्रं कोण पुढे, कोण मागे हे पाहून एकावर एक बसवते. प्रवास फक्त पिक्सेलांचा होतो. मला ही रचना मनापासून आवडते.

सरांना ती रेघ खरी वाटत होती. कोरडी हवा आत घुसली की ढगांच्या कड्याला अशी खाच पडू शकते, आणि तसं असेल तर ते अहवालात जायला हवं होतं. अहवाल सोमवारी द्यायचा होता. तो शुक्रवार होता.

आधी मॉनिटरच्या जोडाचा संशय घेतला. कॅमेरा फिरवला, तर रेघ ढगाबरोबर फिरली. म्हणजे काच निर्दोष. मग आठही नोडवर जीएलएक्सइन्फो, म्हणजे चित्र नक्की कोण काढतंय ते सांगणारी आज्ञा, चालवून पाहिली. एखादा नोड गुपचूप ग्राफिक्स कार्ड सोडून सीपीयूवर चित्र काढत असेल, असं वाटलं. तेही नव्हतं. शेवटी आठ नोडचा क्लस्टरच बाजूला ठेवला. सगळा डेटा एकाच नोडवर उघडला, एकच प्रक्रिया, जोडाजोड नाहीच. रेघ तिथेच.

"म्हणजे डेटातच आहे," सर म्हणाले. मीही मान हलवली. क्लस्टर नसतानाही दिसते, तर ती आमची कशी असेल? हा तर्क मला इतका पक्का वाटला की पुढचे तीन तास मी त्याच्याकडे परत वळलेच नाही. आजही ते तीन तास मला बोचतात.

चहा घेताना मी नुसतंच ॲनिमेशन चालू ठेवलं होतं. वादळ ईशान्येकडे सरकत होतं, कडं गरगरत होतं आणि रेघ मात्र हलत नव्हती. एकाच रेखांशावर, फूटपट्टीने आखल्यासारखी. कोरडी हवा वादळाबरोबर फिरली असती. रेघ जाळीच्या कितव्या रकान्यावर आहे ते काढलं: ६४० रकान्यांपैकी बरोबर २४० वा. ६४० भागिले आठ म्हणजे ऐंशी. ऐंशी त्रिक २४०.

माझ्या पोटात गोळा आला. प्रारूपाची एकसंध फाइल आठ पट्ट्यांत कापणारी स्क्रिप्ट मीच लिहिली होती. एका नोडवर उघडल्या त्याही याच कापलेल्या फायली.

घडलं होतं ते असं. प्रारूप आकडे देतं ते जाळीच्या चौकटींच्या मध्यावर. ढगाचा पृष्ठभाग काढायला ते कोपऱ्यांवर आणावे लागतात, म्हणजे कोपऱ्याला टेकलेल्या चौकटींची सरासरी घ्यावी लागते. पट्टीच्या कडेवरच्या कोपऱ्याला पलीकडच्या चौकटी दिसतच नव्हत्या. डावी पट्टी डावीकडचीच सरासरी घेई, उजवी उजवीकडचीच, आणि एकाच कोपऱ्याला दोन वेगळे आकडे मिळत. शांत समुद्रावर त्यांत फरक नगण्य. डोळ्याच्या कड्यावर आकडे दोन किलोमीटरांतच झपाट्याने बदलतात, म्हणून तिथेच पायरी पडे. शिवणी सातही होत्या, उसवलेली दिसली ती एकच.

खात्रीसाठी फाइल आठऐवजी पाच पट्ट्यांत कापली. जुनी रेघ गेली, नवी २५६ व्या रकान्यावर उमटली. सरांना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं झालं सोमवारच्या आत कळलं."

उपाय माहितीचा होता: प्रत्येक पट्टीला शेजाऱ्याचा एक रकाना उसना द्यायचा, म्हणजेच घोस्ट सेल. घाईत मी रकाना दिला, पण तो उसना आहे ही खूण केली नाही. मग दोन्ही नोड तोच तुकडा काढू लागले आणि अर्धपारदर्शक ढगात चिरेच्या जागी गडद पट्टा आला. खुणांची यादी (ॲरे) जोडून उसन्या चौकटींवर १ लिहिल्यावर पॅराव्ह्यूने त्या हिशेबात धरल्या, चित्रात नाही. रात्री साडेनऊला कडं अखंड दिसलं.

ते ॲनिमेशन मी मामाला पाठवलं. त्याने फोन केला. "एवढं गोल होतं होय? आम्हाला तर वारा सगळीकडून एकदमच आल्यासारखा वाटला." मग जरा थांबून म्हणाला, "आपली वाडी कुठंशी येते गं यात?"

मी दिवेआगरवर लाल ठिपका ठेवला आणि ते चित्र पुन्हा काढायला लावलं.