सॅटिन: आधी धागा ओळखा, मग पाणी लावा

नाशिकच्या मेन रोडवर सॅटिन मागितलं की दुकानदार एकाच नावाची निरनिराळी कापडं समोर टाकतो आणि भावात मोठा फरक असतो. सॅटिन ही विणण्याची पद्धत आहे. धागा रेशमाचा, पॉलिएस्टरचा, नायलॉनचा किंवा अ‍ॅसिटेटचाही असू शकतो, आणि कापड कसं सांभाळायचं ते त्या धाग्यावर ठरतं.

साध्या विणीत उभा धागा एका आडव्या धाग्यावरून आणि पुढच्याखालून जातो. सॅटिनमध्ये तो सलग चार किंवा सात धाग्यांवरून मोकळा जातो आणि मग एकदाच खाली उतरतो. या लांब मोकळ्या धाग्यांमुळे झळाळी येते. बांगडीची कड, हूक किंवा खरखरीत नख अडकतं तेही त्यांच्यातच.

धागा ओळखायला कडेचे एक-दोन धागे चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर आक्रसून वितळतं, मागे काळा कडक मणी उरतो. कापड अ‍ॅसिटेटचं असण्याची शंका असेल तर नेलपॉलिश रिमूव्हर जवळही आणू नका. त्यातल्या अ‍ॅसिटोनने कापड विरघळून भोक पडतं.

धुण्याआधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा सुती कपडा दाबा. रंग उतरला किंवा लेबलवर तसं लिहिलेलं असेल तर ड्रायक्लीनिंगला द्या. नाहीतर ५ लिटर गार पाण्यात लहान चमचाभर सौम्य लिक्विड साबण घाला, कपडा उलटा करून पाचेक मिनिटं हलक्या हाताने हलवा. बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण चोथ्यासारखा बसतो आणि झळाळी मळकट दिसते, म्हणून लिक्विडच घ्यावा. रेशमाला एन्झाइम असलेली धुण्याची पावडर आणि ब्लीच वर्ज्य. रिठ्याचं पाणी उत्तम.

पिळू नका. पिळल्याने मोकळे धागे सरकतात आणि सुरकुत्या बसतात. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. नाशिकच्या एप्रिलमधल्या उन्हात रेशमाचा रंग उडतो.

इस्त्री उलट्या बाजूने, कमी तापमानावर, वर सुती कापड ठेवून करावी. रेशीम किंचित दमट असतानाच इस्त्री करा. वाळल्यावर पाणी शिंपडलं तर थेंबांचे डाग राहतात. पॉलिएस्टरवर गरम इस्त्री टेकली तर धागाच वितळून चपटा होतो. तो चकाकता पट्टा नंतर कशानेही जात नाही, म्हणून सगळ्यात जास्त जपायचं ते इथेच.

डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत पॉलिएस्टरचा परकर पायांना चिकटतो. शेवटच्या पाण्यात थोडं फॅब्रिक कंडिशनर घातलं की फरक पडतो.

शिवताना सगळे तुकडे एकाच दिशेने कापा, नाहीतर दोन भागांची चमक वेगळी दिसते. सुई ९ किंवा ११ नंबरची, नवी, आणि टाचण्या शिवणीसाठी सोडलेल्या कडेतच.

धागा ओढला गेला तर कापू नका, कापला की तिथून वीण सुटते. बारीक सुईने तो मागच्या बाजूला ओढून घ्या आणि आजूबाजूचं कापड दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून सारखं करा.