पीठ मळणारीचा डबा

दुपारी अडीचची लोकल. लेडीज डबा इतका रिकामा की खुशाल पाय पसरावेत. समोरच्या बाईंनी मांडीवर पिशवी घेतली आणि मटार सोलायला सुरुवात केली. मला एकदम 'लेडी' आठवली.

म्हणजे तो शब्द. ही माझी जुनी खोड. कोशात एक शब्द बघायला जायचं आणि अर्ध्या तासाने भलत्याच पानावर सापडायचं; तोवर गॅसवरचं दूध उतू गेलेलं. तर लेडी. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'ह्लाफ्दिये' असा काहीसा होता. 'ह्लाफ' म्हणजे पाव आणि पुढचा तुकडा पीठ मळणारीचा. लॉर्ड त्याच घरातला, 'ह्लाफवेअर्द', पावाचा राखणदार. तिने मळायचं, त्याने राखण करायची. वाटणी ओळखीची वाटते. पुढे दोघांना मानपान मिळाला, पीठ दुसऱ्याच कुणाच्या तरी हाती गेलं.

सहावीत बाईंनी माझ्या वहीत लाल शाईने 'नाइस गर्ल' लिहिलं होतं. ते पान मी गल्लीभर मिरवलं. 'नाइस' मूळ लॅटिनमधून आलेला, ज्याला काही कळत नाही असा; इंग्रज कवी चॉसरच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकात, तो मूर्खाला लावत. आणि 'गर्ल' तेव्हा मुलगा-मुलगी कुणालाही चालायचं. म्हणजे माझ्या वहीत 'मठ्ठ कार्टं' लिहिलेलं होतं. गणिताची वही होती, त्यामुळे जुना अर्थच जास्त लागू.

पण खरा घोटाळा दिवाळीत झाला. गृहपाठात 'आजीने मिठाई केली' याचं भाषांतर होतं. कोशात मिठाईला 'स्वीटमीट' दिलेलं. मी ते मोठ्याने वाचलं आणि धाकट्या भावाने, कुणी न विचारता, आजीला अर्थ सांगितला, "गोड मटण." घरात अंडं न येऊ देणारी आजी करंज्यांचं सारण ढवळत होती. तिने झारा खाली ठेवला. "कुणाच्या पुस्तकात आहे हे?" एवढंच विचारलं. त्या दिवशी आम्हा दोघांना फराळाच्या डब्यांना हात लावू दिला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस इंग्रजीचं दप्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर.

'मीट' म्हणजे पूर्वी नुसतं अन्न, कसलंही. मांसाला 'फ्लेश' म्हणायचे. स्वीटमीटमध्ये तो जुना अर्थ अजून तग धरून आहे. हे मला कळलं तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. कळलं असतं तरी तिने मान्य केलं असतं असं नाही.

इंग्रजांना हसायची सोय नाही म्हणा. त्यांचं 'डिअर' पूर्वी कुठल्याही जनावराला चालायचं, मग आक्रसून हरणापुरतं उरलं. जर्मनांचं 'टीअर' अजून सगळी जनावरं पोटात घेऊन आहे. आणि आपला मृग? तोही तसाच हरणात अडकला. मागे उरलेत मृगेंद्र आणि शाखामृग. नाहीतर सिंहाने हरणांचा राजा म्हणवून का घ्यावं, आणि माकडाला झाडावरचं हरीण कोण म्हणेल? दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच जनावर का निवडलं, यावर मी मुलुंडपर्यंत विचार केला. काही हाती लागलं नाही.

ठाण्याला गर्दी घुसली. चौथ्या सीटवर एक मुलगी टेकली, मी सरकले, सरकत सरकत समोरच्या बाईंच्या गुडघ्याला गुडघा.

"नुसत्या बघताय काय, घ्या चार शेंगा," त्या म्हणाल्या.

घेतल्या. दोन दाणे तोंडात, बाकीचे पिशवीत. कणीक घरी गेल्यावर.