शेळ्या राखणारा जादूगार, आणि उन्हाळ्यात वाचायच्या इतर मालिका

विदर्भातल्या शाळा राज्याच्या बाकी भागापेक्षा उशिरा उघडतात. मे महिन्यात सकाळी दहानंतर गावातल्या गल्ल्या ओस पडतात आणि ऊन उतरेपर्यंत लेकरं घरात कोंडलेली असतात. जादूच्या गोष्टींची सात-सात भागांची मालिका वाचून व्हायची ती याच दिवसांत. पण गावात बहुतेक मालिका पहिल्या भागातच अडकतात. त्यात लेकराचा आळस क्वचितच असतो. भाषा चुकलेली असते, नाहीतर सुरुवातीची रटाळ पानं त्याच्या एकट्याच्या गळ्यात मारलेली असतात.

म्हणून आधी एवढंच पाहावं, की लेकरू मजेसाठी कोणत्या भाषेत वाचतं. सेमी-इंग्रजीतली पोरगी विज्ञानाचा धडा इंग्रजीत वाचते, म्हणून तिला तीनशे पानांची इंग्रजी गोष्ट जड जाणार नाही असं समजू नये. गोष्टीत पानोपानी अनोळखी शब्द येतात, आणि तिथे परीक्षेची भीती नसल्यामुळे पुस्तक मिटायला काहीच लागत नाही.

चौथी-पाचवीच्या लेकराला वेताळ पंचविशीपासूनच सुरू करावं. पंचवीस गोष्टी, एका धाग्यात ओवलेल्या. जादूचा नियमही पक्का: उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार, बोलला तर वेताळ परत झाडावर. वाचून दाखवताना वेताळाच्या प्रश्नाशी थांबायचं, पुस्तक मिटायचं आणि लेकराला उत्तर विचारायचं. विक्रमाचं उत्तर त्याला पटलं नाही तर उत्तमच, वाद घालू द्यावा.

हॅरी पॉटर मराठीत आहे. भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं काढलेल्या पहिल्या भागाचं नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. ‘परीस’ हा शब्द आपल्या लेकरांना अभंगांतून आधीच ठाऊक असतो, त्यामुळे अर्धं कोडं नावातच सुटतं. अडचण वेगळीच आहे. पहिलं प्रकरण मोठ्या माणसांचं आहे, त्यात हॅरी तान्हं बाळ असतो. हॅरीला जादूच्या शाळेचं बोलावणं घेऊन येणारा धिप्पाड हॅग्रिड नीट भेटतो तो चौथ्या प्रकरणात, शाळेला नेणारी आगगाडी सहाव्यात आणि मुलांचे गट ठरवणारी जादूची टोपी सातव्यात. पोरं दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच पुस्तक ठेवून देतात ती यामुळे. पहिली तीन प्रकरणं घरातल्या मोठ्यानं वाचून दाखवावीत, रोज एक. एका प्रकरणाला अर्धा-पाऊण तास लागतो. चौथ्यापासून पुस्तक लेकराच्या हातात द्यावं. पहिल्या भागात सतराच प्रकरणं आहेत, पंधरा दिवसांत सहज होतात.

दुसरी अडचण नावांची. डम्बलडोर, मॅकगोनागल, हर्मायनी यांत गोंधळ झाला की गोष्टीचा धागा सुटतो. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची एक पट्टी कापावी, तिच्यावर आठ-दहा नावं आणि पुढे ‘मुख्याध्यापक’, ‘मैत्रीण’ असं लिहावं, आणि तीच पट्टी खुणेसाठी पुस्तकात ठेवावी.

तिसऱ्या भागानंतर मात्र घाई नको. तिसऱ्यात बावीस प्रकरणं, चौथ्यात सदतीस. जाडी वाढते तशी गोष्टही काळी पडत जाते. चौथ्याची सुरुवातच एका म्हाताऱ्या माळ्याच्या खुनानं होते आणि शेवटाकडे शाळेतला एक मुलगा मरतो. पाचवीतल्या लेकरानं तीन भाग संपवले असतील तर चौथा एखाद-दोन वर्षांनी दिलेला बरा. म्हणूनच साती भागांचा संच एकदम घेऊ नये. पहिला घ्यावा, तो दोनदा वाचला गेला की दुसरा.

हिंदी कानावर असलेल्या सातवी-आठवीच्या लेकरांसाठी, आणि नागपूर-भंडाऱ्याकडे ती बहुतेकांच्या असतेच, देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ आहे. १८८८ सालची. प्रकरणांना तिथे ‘बयान’ म्हणतात आणि ते लहान असतात. सुरुवातीला अय्यार, तिलिस्म, लखलखा अशा शब्दांना ठेच लागते. अय्यार म्हणजे वेष पालटणारा हेर, तिलिस्म म्हणजे जादूनं बांधल्यासारखी वास्तू, लखलखा म्हणजे बेशुद्ध माणसाला हुंगवून शुद्धीवर आणायचं औषध. एवढं सांगितलं की गाडी सुटते. पुढची ‘चंद्रकांता संतति’ चोवीस भागांची आहे आणि त्यात पात्रांचा बाजार भरतो, तेव्हा मूळ पुस्तक मनापासून आवडलं तरच तिकडे वळावं.

चंद्रकांताची शिफारस करण्यामागे आणखी एक कारण आहे. ‘आधीच गावात करणी-भानामतीचं खूळ, त्यात जादूची पुस्तकं कशाला?’ असं पालक विचारतात. ही शंका खोटी नाही. करणीच्या संशयावरून माणसांना मारहाण होते, त्यासाठी २०१३ साली राज्याला कायदा करावा लागला. पण चंद्रकांतामधला चमत्कार तपासायला गेलं की आत कळ निघते, चोरदरवाजा निघतो, बेशुद्धीची पूड निघते. ही गोष्ट वाचलेलं लेकरू बुवाच्या हातातली राख पाहून विचारणारच, की बाही का लांब आहे.

इंग्रजी सरावाचं असेल तर रोशनी चोक्शीची ‘आरू शाह’ घ्यावी, पाच भाग, पहिला २०१८चा. अमेरिकेतली बारा वर्षांची मुलगी दिवा लावते आणि पांडवांच्या पुनर्जन्माचं प्रकरण उघडतं. सप्ताहात बसून महाभारत ऐकलेल्या पोरांना नावं तोंडपाठ असतात, तिथे ती शहरातल्या मुलांच्या पुढे असतात. अमेरिकन सिनेमांचे विनोद डोक्यावरून जातील, ते खुशाल सोडून द्यावेत. नार्निया या जादूच्या देशाच्या गोष्टींचे सात भाग घेताना क्रमाकडे लक्ष ठेवा. हल्लीच्या संचात ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’वर ‘१’ हा आकडा असतो, पण ते सहावं आलेलं पुस्तक, १९५५चं. कपाटातून नार्नियात शिरल्यावर दिसणारा, जंगलात एकटाच पेटलेला दिव्याचा खांब कुठून आला, हे त्यात आधीच कळून बसतं. सुरुवात कपाटाच्या गोष्टीपासूनच करा, ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’, १९५०.

आता माझी सगळ्यात लाडकी. उर्सुला ली ग्विन यांची ‘अर्थसी’. पहिला भाग ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९६८चा, अंगानं बारीक. नायक गेड म्हणजे बिनआईचा, तांबूस-सावळा, डोंगरात शेळ्या राखणारा पोरगा. झोपडीच्या छपरावर चढलेली शेळी मावशी एका मंत्रानं खाली आणते. ते ऐकून दुसऱ्या दिवशी तो कड्यावर तेच शब्द ओरडतो. शेळ्या येतात, सगळ्याच येतात, पिवळ्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत. पण जातच नाहीत. घाबरून पळत सुटतो तर तो कळप त्याला चिकटून गावात शिरतो. बोलावणं त्याला येत होतं, सोडणं येत नव्हतं. ज्या लेकरानं शेळ्या वळल्या आहेत त्याला हे पान समजावून सांगावं लागत नाही.

या जगात जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव ठाऊक असणं. आणि तिला हिशेब आहे. गेडला शाळेत बजावलं जातं, की एका बेटावर पाऊस पाडलास तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो. कपाशी-सोयाबीनच्या घरात हे वाक्य वाचताना लेकरू मान वर करतंच. तिथे थांबावं, कुणाचा पाऊस कुणाला द्यायचा ते त्याला ठरवू द्यावं.

इंग्रजी सोपं नाही, वाक्यं जुन्या ढंगाची आहेत. आठवीच्या आत एकट्याला देऊ नये. शेजारी बसून रोज पाच-सहा पानं, अर्थ मराठीत सांगत. पहिले तीन भाग, १९७२पर्यंतचे, ओळीनं द्यावेत. चौथा ‘तेहानू’, १९९०चा, त्यात एका लहान मुलीवर झालेला अत्याचार आहे. तो दहावीपर्यंत वरच्या फळीवर ठेवा.